व्हिएतनामला जाताय? पैसे कुठे गळतात ते आधी बघा

व्हिएतनाम स्वस्त आहे यात वाद नाही. हनोईत फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलावर बसून फोचा, म्हणजे नूडल्सच्या सूपचा, वाफाळता वाडगा दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो आणि दोघांना पुरेल अशी स्वच्छ खोली दीड-दोन हजारांत. तरी आमच्या सांगलीतली माणसं परत येऊन सांगतात, "स्वस्त कसलं हो, माणशी लाखाच्या वर गेले." कशात गेले म्हणून विचारलं की हिशेब तिथेच थांबतो. मी नोकरीभर बँकेत कॅशवर बसले. संध्याकाळी दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. त्या सवयीने सांगते: व्हिएतनाममध्ये पैसे वाडग्यात जात नाहीत. ते व्हिसा एजंटकडे, विमानतळावरच्या वजनकाट्यावर, कार्डाच्या मशीनवर आणि उलट्यासुलट्या प्रवासात जातात. खाण्यात काटकसर करून दमण्यापेक्षा या जागा बुजवा.

व्हिसापासून सुरुवात करू. ई-व्हिसाची सरकारी फी एका प्रवेशासाठी २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांसाठी ५० डॉलर. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. अर्ज घरी बसून होतो. फक्त संकेतस्थळाचा पत्ता "गव्ह डॉट व्हीएन"ने संपतो ना, तेवढं बघा. शोधायला गेलं की वर दिसणारी बरीच पानं एजंटांची असतात. दिसायला हुबेहूब सरकारी, फी दुप्पट-तिप्पट. नाव पासपोर्टात जसं छापलंय तसंच टाका. आपल्याकडे मधलं नाव नवऱ्याचं की वडिलांचं हा घोळ बायकांच्या कागदपत्रांत कायमचा, आणि तिथे एक अक्षर चुकलं तरी फी परत मिळत नाही, नवा अर्ज करावा लागतो. उतरायचा विमानतळही अर्जातच निवडायचा असतो, म्हणून आधी तिकिटाचं नक्की करा.

टूर कंपनीचं पॅकेज घ्यावं की नाही हे ज्याच्या-त्याच्या तब्येतीवर आहे, त्यावर मी वाद घालत नाही. मात्र परदेशी टूरच्या पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या. ते पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना वळते करून घेता येतात. पण घरातल्या ज्या व्यक्तीच्या नावाने पैसे भरले तिने रिटर्न भरलंच नाही, तर ते तसेच पडून राहतात. तिकीट आणि हॉटेल आपलं आपण वेगवेगळं काढलं की हा प्रश्न येत नाही.

आता तिकीट. देश नकाशात बघा: उत्तर-दक्षिण लांबलचक, मध्ये कंबर बारीक. हनोई वर, सायगाव म्हणजे हो ची मिन्ह सिटी खाली, रेल्वेने दोन्हींमधलं अंतर १७२६ किलोमीटर. बरेच जण हनोईचं जाऊन-येऊन तिकीट काढतात आणि दक्षिण बघून झाल्यावर परत वर येण्यासाठी आणखी एक विमान पकडतात. त्यात एक दिवसही जातो. मुंबईहून दोन्ही शहरांना थेट विमानं आहेत. एका टोकाला उतरा, दुसऱ्या टोकाहून परत या. जाऊन-येऊन तिकिटापेक्षा हजार-दोन हजार जास्त पडले तरी एकूण हिशेबात हेच स्वस्त.

तारखा ठरवताना त्यांचं नववर्ष, टेट, टाळा. ते चांद्र पंचांगावर असल्यामुळे जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतं. त्या आठवड्यात अख्खा देश गावी जातो. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी अवस्था, तीच तिथल्या गाड्यांची. दर चढलेले आणि दुकानं बंद. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देशाच्या मधल्या पट्ट्यात, ह्वे, होई आन भागात पाऊस आणि पूर असतो, तेव्हा दर उतरतात खरे, पण कमरेएवढ्या पाण्यात शहर बघण्यात बचत नाही. मार्च-एप्रिल बरा.

बॅग. स्वस्त विमान कंपन्यांच्या साध्या तिकिटात बहुधा ७ किलोच असतात, आणि ते हातातली बॅग आणि खांद्यावरची पर्स मिळून. काउंटरवर वजन जास्त भरलं की तिथे लागणारा दर घरून आधी घेतलेल्या दराच्या कितीतरी पट असतो. हाताने उचलून बघायचा छोटा वजनकाटा तीन-चारशे रुपयांना मिळतो, तो घ्या. सात किलोत कसं बसवायचं? तिथे जवळपास प्रत्येक गल्लीत किलोवर कपडे धुऊन देतात, किलोला साधारण ३० ते ४० हजार डाँग (तिथलं चलन), म्हणजे शे-सव्वाशे रुपये. चार जोड पुरतात. डिसेंबर-जानेवारीत हनोईत चांगली थंडी असते आणि त्याच दिवशी सायगावात घाम गळत असतो. म्हणून जाड स्वेटर बॅगेत न भरता अंगावर घालूनच विमानात बसायचं. आमच्या ह्यांना मुंबईच्या उकाड्यात जर्किन घालून रांगेत उभं राहायची लाज वाटते. मला नाही वाटत.

आम्ही सांगलीकर मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेसने जातो. ती सकाळी सीएसएमटीला सोडते. विमान दुपारनंतरचं घेतलं की मुंबईत हॉटेलचा खर्च नाही, आणि आता मेट्रो ३ सीएसएमटीहून थेट विमानतळाच्या टी-२ला जाते, त्यामुळे टॅक्सीही नाही.

आता माझ्या खात्यातलं काम. जरा सविस्तर सांगते.

आपली बहुतेक डेबिट-क्रेडिट कार्डं परदेशात वापरली की साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे जादा आकार, लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. ५०,००० रुपये खर्च केले तर १,७५० मार्कअप, ३१५ जीएसटी, मिळून २,०६५ रुपये नुसते हवेत. पावतीवर हे दिसत नाही, महिनाअखेरीच्या स्टेटमेंटवर दिसतं. काही कार्डांना मार्कअप शून्य किंवा अगदी कमी असतो, आपल्या बँकेत फोन करून "परदेशी व्यवहारावर मार्कअप किती?" एवढंच विचारा. फॉरेक्स कार्ड घेणार असाल तर त्यात डाँग भरता येत नाहीत. डॉलर भरायचे आणि तिथे ते डाँगमध्ये बदलतात, तेव्हा पुन्हा एक शुल्क लागू शकतं. तेही आधी विचारा.

दुकानात कार्ड लावलं की मशीन कधीकधी विचारतं, रक्कम रुपयांत घ्यायची की डाँगमध्ये? रुपये बघून बरं वाटतं, आपलं माणूस भेटल्यासारखं. दाबायचं मात्र डाँग. रुपये दाबले की दर ते मशीनवाले ठरवतात आणि तो आपल्या फायद्याचा कधीच नसतो. एटीएममध्येही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, तिथेही रूपांतर नाकारायचं. एटीएमचं शुल्क दर वेळी लागतं, म्हणून रोज थोडे थोडे काढू नका. आणि चहाच्या टपरीपासून सगळीकडे क्यूआर कोड चिकटवलेले दिसतील, पण ते तिथल्या बँक खात्यांचे. आपला यूपीआय चालेल असं धरून घरातून निघू नका.

रोख न्यायची तर डॉलरमध्ये. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका दौऱ्यात ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, बजेटवाल्यांना त्याच्या पावपटही लागत नाहीत. इथेच डाँग मिळतात का म्हणून शोधत बसू नका. मिळाले तरी दर वाईट असतो. रुपये घेऊन जाऊन तिथे बदलणंही तसंच तोट्याचं. परवानाधारक मनी चेंजरकडे गेलात तर फलकावरचा दर शेवटचा समजू नका. दोन ठिकाणी फोन करा, किती डॉलर घ्यायचे आहेत ते सांगा, डॉलरमागे पंचवीस-तीस पैसे सुटतात. पॅन कार्ड बरोबर ठेवा. नोटा १०० डॉलरच्या घ्या, त्यांना दर चांगला मिळतो, आणि काउंटरवरच एकेक उलटून बघा. दुमडलेली, शिक्का बसलेली, पेनाची रेघ असलेली नोट तिथे बाजूला सरकवतात. आपल्याकडे नोटेवर आकडा लिहायची जी खोड आहे ती डॉलरला चालत नाही.

विमानतळावर पहिल्या दिवसापुरते पन्नासेक डॉलर बदला, बाकीचे शहरातल्या बँकेत. सराफाच्या दुकानात जास्त दर मिळतो असं सांगणारे भेटतील. परवाना नसलेल्या ठिकाणी डॉलर बदलणं तिथे बेकायदा आहे आणि दंड बदलून घेणाऱ्यालाही होऊ शकतो. शंभर-दोनशे रुपयांसाठी ती जोखीम नको.

नोटा मोजताना डोळे उघडे ठेवा. सगळ्यांवर त्यांचे नेते हो ची मिन्हच आहेत. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच. दिव्याखाली घाईत दोन्ही सारख्या भासतात. एक साधारण पासष्ट रुपयांची, दुसरी सोळाशे-सतराशेची. मी पाच लाखांच्या नोटा पाकिटात ठेवतच नाही, वेगळ्या लिफाफ्यात ठेवते आणि खोलीतच सुट्टे काढून बाहेर पडते. हिशेबाची युक्ती: एका रुपयाला ३०० च्या आसपास डाँग येतात. म्हणून शेवटची तीन शून्यं झाकायची, उरलेल्या आकड्याची तिप्पट करायची आणि त्यात तिचा दहावा भाग मिळवायचा. ५०,०००? पन्नासाची तिप्पट दीडशे, वर पंधरा, झाले १६५. दोन दिवसांत तोंडात बसतं. बऱ्याच पाट्यांवर तीन शून्यं लिहिलेलीच नसतात, नुसतं ५० लिहितात.

टॅक्सी बोलवायचं ग्रॅब हे अॅप निघण्यापूर्वी इथेच टाकून घ्या, कारण ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. पैसे रोख देता येतात. भाडं आधी दिसतं, त्यामुळे वाद नाही. एकटे असाल तर ग्रॅबची बाइक कारच्या निम्म्याहून स्वस्त पडते, हेल्मेट चालक देतो. हनोईच्या नोई बाय विमानतळावरून ८६ नंबरची बस थेट जुन्या शहरात आणि रेल्वे स्टेशनला जाते, तिकीट ४५,००० डाँग. कारने तोच रस्ता पाच-सहापट. बस रात्री अकरानंतर नसते, म्हणून विमान किती वाजता उतरतं ते तिकीट काढतानाच बघायचं.

तरुण मंडळी तिथे स्कूटर भाड्याने घेतात, रोजचे चारशे-पाचशे रुपये. मी घेऊ नका म्हणेन. आपल्याकडे आरटीओत मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या कराराखालचा असतो, व्हिएतनाम १९६८ च्या कराराचा मानतो. म्हणजे पोलिसांनी अडवलं तर दंड, आणि पडलात तर प्रवास विमा हात वर करणार. विम्यात मात्र काटकसर करू नका.

शहरांमधल्या प्रवासात रात्रीची गाडी धरली की एका रात्रीचं हॉटेल वाचतं. हनोईहून संध्याकाळी बसलं की सकाळी ह्वे, तेरा-चौदा तास. डब्यात दोन प्रकार: चार बर्थचा मऊ आणि सहा बर्थचा साधा. सहामधला सगळ्यात वरचा बर्थ सगळ्यात स्वस्त, पण छत इतकं जवळ की उठून बसता येत नाही, कपडे बदलायचे तर आडव्यानेच. तरुणांनी तो घ्यावा. गुडघे दुखणाऱ्यांनी खालचा घ्यावा आणि फरकाचे दोन-तीनशे रुपये औषधाच्या खात्यात मांडावेत. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. कपातल्या नूडल्स, आपला इन्स्टंट उपमा, कॉफी, सगळं तिथे होतं. आम्ही भडंगाची पिशवी उघडली की समोरच्या बर्थवरची आजी पहिल्यांदा वास घेते, मग मूठ पुढे करते. तिकीट रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढा, मधल्या एजंटांची पानं त्यावर कमिशन लावतात.

ह्वे ते दा नांग हा तुकडा मात्र दिवसाच करा. अडीच-तीन तास, तिकीट अगदी किरकोळ, आणि हाय वान घाटात गाडी समुद्राला खेटून वळसे घेते. दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी. याच घाटासाठी लोक खासगी गाडी करून काही हजार रुपये देतात. स्लीपर बसही सगळीकडे आहेत, रेल्वेपेक्षा स्वस्त. चढताना बूट काढायला लावून प्लास्टिकच्या पिशवीत देतात, बिछाना त्यांच्या उंचीच्या मापाचा. सहा फुटांच्या माणसाने विचार करावा.

राहण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. छोटी, कुटुंबाने चालवलेली हॉटेलं बघा, नाश्ता धरलेला घ्या. नाश्त्यात अंडी, ब्रेड, केळी, कॉफी असतेच, दुपारपर्यंत भूक लागत नाही. होई आनमध्ये बरेच होमस्टे सायकल फुकट देतात, तिच्यावरून आन बांगचा समुद्रकिनारा सहज होतो. नळाचं पाणी प्यायचं नाही, पण लॉबीत मोठा जार असतो. सकाळी बाटल्या भरून निघायचं. पासपोर्ट नोंदणीसाठी मागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता शाकाहारी लोकांचा जुना प्रश्न. भारतीय रेस्टॉरंट आहेत, पण तिथली एक वेळ म्हणजे तिथल्या साध्या चार वेळांचं जेवण. त्यापेक्षा "चाय" अशी पाटी शोधा, म्हणजे शाकाहारी. "कोम चाय"च्या दुकानात काचेमागे दहा-बारा भाज्या, टोफूचे प्रकार मांडलेले असतात. बोट दाखवायचं, भातावर वाढून देतात, ४० ते ५० हजार डाँगमध्ये पोट भरतं. तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, म्हणजे ढोबळमानाने आपली अमावस्या आणि पौर्णिमा. त्या दिवशी नेहमीच्या दुकानांतही शाकाहारी पदार्थ दिसतात, तेव्हा भिंतीवरची आपली दिनदर्शिका बघून जायला हरकत नाही. एरवी साध्या दुकानात भाजी मागितली तरी तिच्यात माशाचं पाणी, "नुओक माम", असणार हे धरून चाला.

आणि हे कुणी सांगत नाही: कुठल्याही भाताच्या दुकानात नुसता पांढरा भात दहा हजार डाँगला, म्हणजे तेहतीस-चौतीस रुपयांना मिळतो. मी पर्समध्ये मेतकुटाची डबी आणि छोट्या बाटलीत तूप ठेवते. मऊ भात, वर मेतकूट, काकडीच्या चकत्या तिथल्याच. दा नांगमधल्या एका दुकानवालीने कमरेवर हात ठेवून हा सगळा प्रकार बघितला, चमच्याच्या टोकाने मेतकूट चाखलं आणि आत जाऊन मला तिखट मिरच्यांची वाटी आणून दिली. तिचे पैसे लावले नाहीत.

लावतात कशाचे, तर टेबलावरच्या थंड ओल्या रुमालाचे. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला असतो, आपण फुकटचा समजून टचकन फोडतो आणि बिलात दोन-चार हजार डाँग चढतात. न मागता पुढ्यात आलेल्या शेंगदाण्यांचंही तेच. रक्कम फालतू आहे, पण नको असेल तर हात लावू नका, परत नेतात, वाईट वाटून घेत नाहीत. हनोईच्या जुन्या शहरात खांद्यावरची कावड तुमच्या खांद्यावर ठेवून "फोटो, फोटो" करणाऱ्या फळवाल्या भेटतील. फोटो झाला की अननसाच्या चार फोडी चौपट भावाने गळ्यात पडतात. हसून पुढे व्हायचं.

बघण्याच्या जागांवर निवड करा. दा नांगजवळच्या बा ना हिल्सचा तो दगडी भासणाऱ्या हातांवरचा पूल सगळ्यांच्या स्टेटसवर असतो; तिकीट माणशी तीन हजार रुपयांच्या घरात आणि पुलावर पाय ठेवायला जागा नाही. माझ्या मते नको. त्याच दा नांगमध्ये चाम शिल्पांचं, म्हणजे जुन्या चंपा राज्यातल्या मूर्तींचं, संग्रहालय आहे, दोनशे रुपयांत गणपती, शंकर, नाचणाऱ्या अप्सरा, आणि गर्दी नाही. तिथून दीड-दोन तासांवर "मी सोन" या जागेची शिवमंदिरं, १९९९ पासून जागतिक वारशात. चंपाच्या राजांनी बांधलेली ती विटांची देवळं बघताना वाटाड्याची गरज आपल्याला कमी लागते, लिंग आणि नंदी ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. हनोईत हो ची मिन्ह यांच्या समाधीला तिकीट नाही, फक्त सकाळी उघडी असते आणि सोमवार-शुक्रवार बंद. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत होआन किएम तळ्याभोवती गाड्या बंद करतात, सगळं शहर फिरायला येतं. त्याचे कुणी पैसे घेत नाही.

शेवटच्या दिवशी उरलेले डाँग मोजा. इथे आणून त्यांना कुणी विचारत नाही. हॉटेलच्या बिलातला जमेल तेवढा भाग त्यातून रोख द्या, उरलेला कार्डाने. कॉफी घ्यायची तर सुपरमार्केटमधून घ्या, विमानतळावर तोच पुडा दुप्पट. काजू तिथे ढिगाने मिळतात, सालीसकट भाजलेले; पण वेंगुर्ल्याला नातेवाईक असणाऱ्यांनी ते का घ्यावेत मला कळत नाही. आणि कॉफीचे पुडे बॅगेत टाकल्यावर वजनकाटा पुन्हा एकदा लावा, परतीच्या तिकिटालाही सातच किलो आहेत.